लोकल माल

मधुकरराव साहेब कॉम्प्युटरच्या खोलीत सहसा येत नसत. तिथे जोडे काढावे लागत, आणि त्यांचे मोजे फाटके असतात असं रुपराव शिपाई सांगायचा. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात एकदा मात्र आले. माझ्या मागे उभं राहून पडद्यावरची नावं वाचू लागले, आणि एका नावावर अडले.

"मॅडम, हे 'लोकल' काय आहे?"

"माझे प्रोग्रॅम ठेवायची जागा, साहेब. कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती करून इथे तयार केलेले."

"म्हणजे लोकल माल."

मी सांगितलं, सगळीकडे त्या जागेला लोकलच म्हणतात, लोकल म्हणजे इथलं, आपलं. पण त्यांचा चेहरा सीताबर्डीच्या फुटपाथवरून घड्याळ घेऊन पस्तावलेल्या माणसासारखा झाला होता.

"कंपनीनं तयार प्रोग्रॅम देल्ला, तरी तुम्ही काहून खटपट करून राहिल्या? काढून टाका. आपल्याले सगळं कंपनीचंच पाहिजे."

खटपटीला कारण होतं. कंपनी मुंबईची. तिच्या हजेरीच्या प्रोग्रॅममध्ये सुट्ट्या आतच शिवलेल्या, आणि त्यांत गणपती होता, मारबत नव्हती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सारं नागपूर मारबतीच्या पुतळ्यामागे रस्त्यावर असतं, ऑफिसला कुलूप असतं. तो प्रोग्रॅम मात्र आम्हा सगळ्यांना गैरहजर ठरवणार. सुदैवानं कंपनीनं माणसाला वाचता येईल असा मूळ मजकूरही दिला होता. त्यात मी मारबत घातली आणि मशीनकडून त्याचा नवा प्रोग्रॅम करून घेतला. नाव दोन्हींचं एकच. मशीन आधी लोकलमध्ये बघायचं, म्हणून माझा चालायचा.

"मारबतीला सगळ्यांची गैरहजेरी लागेल, साहेब."

"कंपनीले सुट्ट्या समजत नाहीत का?"

"कंपनी मुंबईची आहे."

"तेच तर म्हणतो. मुंबईची आहे."

मला धास्ती वेगळीच होती. बाळंतपणात सगळी रजा संपली होती आणि नोकरी कायम व्हायची होती. एक विनारजा गैरहजेरी लागली की नोकरीत खंड, पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. पण कायम करणारी सही साहेबांचीच. मी लोकल पुसलं. मारबत घातलेला मजकूर मात्र 'होम' नावाच्या जागेत होता. होमवर साहेबांचा आक्षेप नव्हता.

नंदनवनला घरी पोचले तर सासूबाई तांदूळ-मूग भाजून दळत होत्या, आणि मी बाळासाठी दुधाच्या पावडरचा डबा उघडत होते.

"त्यात काय घातलं, कोणाले ठाव वं?"

"कंपनीचं आहे, आई," मी म्हटलं. तेव्हा मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

मारबत झाली. महिनाअखेरीस रुपराव हजेरीचे कागद घेऊन साहेबांसमोर उभा राहिला. "साहेब, मारबतीले आपण सारेच दांडीवर. तुम्ही बी."

साहेबांनी आपलं नाव शोधलं, मग मुंबईला फोन लावला. तिकडून विचारलं, मारबत म्हणजे काय. साहेब सांगू लागले, बाई असते, पिवळी, तिला गावभर फिरवून जाळतात. मग पलीकडून काय ऐकू आलं कोण जाणे, "राहू द्या," म्हणाले. दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत, दिवाळीनंतर, असं उत्तर मिळालं. कागद त्याच संध्याकाळी हेडऑफिसला जायचे होते.

"मॅडम, ते तुमचं... बनते का परत?"

"बनतं. लोकलमध्येच ठेवू?"

"नाव बदला. हेडऑफिसवाले येऊन पाह्यतात."

मी 'स्पेशल' नावाची नवी जागा केली, मशीनला आधी तिथे बघायला सांगितलं आणि प्रोग्रॅम पुन्हा तयार करायला लावला. पडद्यावर ओळी सरकत होत्या आणि मी एकेक ओळ बघत होते, रात्री बाळाचा श्वास चालू आहे ना बघते तशी. चूक निघाली नाही. नव्या कागदावर सगळं ऑफिस सुट्टीवर होतं, मीही.

दिवाळीनंतर कंपनीचा इंजिनिअर आला. त्यानं विचारलं, "हे स्पेशल कोणी पुरवलं?"

"पुण्याहून मागवलं," मधुकरराव म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

त्याच आठवड्यात मी कायम झाले. शेरा साहेबांच्या अक्षरात होता: कंपनीचे प्रोग्रॅम आहेत तसे, कसलीही ढवळाढवळ न करता, उत्तम वापरतात.