एकोणीस दिवसांचा परवाना

"परवान्याचा नंबर किती दिवसांचा आहे?" फोनवरच्या पोरानं विचारलं.

"एकोणीस," हार्लन टिब्ज म्हणाला. "पण ट्रक मी तेवीस वर्षं चालवतोय."

"तुम्ही जुने असाल हो काका, नंबर तान्हा आहे ना! सहा महिन्यांचा झाला की करा फोन."

माल मिळवून देणारा हा सकाळपासूनचा अकरावा दलाल.

तेवीस वर्षं हार्लनने लुडलोसाहेबांच्या कंपनीसाठी माल वाहिला. ट्रक त्याचा, डिझेल त्याचं, पाठदुखीही त्याचीच. माल वाहण्याचा सरकारी परवाना तेवढा कंपनीचा. या वसंतात त्याने स्वतःचा काढला. विमा उतरवला, आपल्या नावाने येणारे सरकारी कागद स्वीकारायला नियमाप्रमाणे राज्याराज्यांत माणसं नेमली, ज्यांतलं एकही त्याने आजवर पाहिलेलं नाही. नंबर चालू झाला त्या दिवशी बायकोने, वर्नाने, पीच घालून केक भाजला, आणि हार्लनने लुडलोसाहेबांना तेवीस वर्षं गिळलेलं एक वाक्य ऐकवलं. ते इथे छापण्यासारखं नाही.

आता परवाना जिवंत राहायला विमा हवा, विम्याला मिळकत हवी, मिळकतीला माल, आणि मालाला सहा महिने जुना परवाना.

"म्हणजे नुसतं उभं राहून अनुभव घ्यायचा?" वर्नाने विचारलं.

"ट्रक घेतोय की. अंगणात."

खरंच घेत होता. कोंबड्यांनी त्याच्या मागच्या चाकांपाशी अंडी घालायला सुरुवात केली होती.

विम्याचा पुढचा हप्ता आला तेव्हा त्याने कंपनीत फोन लावला. उचलला ओडेसाने, गाड्यांना माल वाटून देण्याचं काम तिच्याकडे होतं.

"साहेब चिडलेत का गं?"

"छे! वाक्य आवडलं त्यांना. ये म्हणाले. पण नवा चालक म्हणून. सोमवारी प्रशिक्षण."

"ओडेसा, तिथल्या निम्म्या लोकांना मी शिकवलंय."

"मग तुला सोपंच जाईल."

"आणि माझा नंबर?"

"विमा थांबला की होतो रद्द. तुला काही करावं लागत नाही."

सोमवारी सहा नवख्यांबरोबर हार्लन प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. दिवे मालवले, सुरक्षेची फिल्म सुरू झाली. पडद्यावर एक माणूस टायर तपासत होता. बारा वर्षांपूर्वीचा हार्लन, डोक्यावर सगळे केस असलेला. कंपनीने तेव्हा त्याला आदर्श चालक ठरवून एक टोपी दिली होती.

"अहो, हे तुम्हीच ना?" शेजारची बाई कुजबुजली. ती आजवर शाळेची बस चालवत होती.

"होतो."

"मग इथे काय करताय?"

"शिकतोय," हार्लन म्हणाला, आणि आरसे कसे लावायचे ते लक्ष देऊन पाहू लागला.

शेवटी पडद्यावरच्या हार्लनने खिडकीतून सगळ्यांना हात हलवला. नवख्यांनी हसून त्याला हात केले. खुर्चीतल्या हार्लनचाही हात गुडघ्यावरून अर्धा उचलला गेला. मग त्याने त्याच हाताने कान खाजवला.