बंदुकीची दाढ

तळ्यावरची होड्यांची शर्यत बंदुकीच्या बारानं सुटते, असं निमंत्रणपत्रिकेत दरवर्षी छापतात. गेली काही वर्षं ती प्रत्यक्षात लोकांच्या हशानं सुटत होती. बंदूक जुनी, चकमकीची. चाप ओढला की खट् व्हायचं, फार तर चिमूटभर धूर निघायचा, आणि काठावरचे लोक हसले की होड्या निघायच्या.

बंदूक उडवण्याचा मान मशीनवाल्यांचा. वडिलांकडून आलेला. यंदा शर्यत समितीचे अध्यक्ष, म्हणजे त्यांचेच मेहुणे, बॅटरीवरचा भोंगा घेऊन घरी आले आणि फार प्रेमानं म्हणाले, "भाऊजी, आता शेवटची संधी. नाही उडाली तर कपाटात ठेवू. काचेच्या."

मशीनवाल्यांना ते लागलं. शिलाई मशीनचं दुकान विकून झालेलं, घरात त्यांचं ऐकायला पंखासुद्धा तयार नसायचा. वर्षातून एकदा अख्खं गाव त्यांच्याकडे बघत गप्प उभं राहायचं, एवढीच काय ती मिळकत उरली होती.

त्यांनी लगेच उपचार सुरू केले. म्हणजे तेल घातलं. जन्मभर शिलाई मशीनं दुरुस्त केलेल्या माणसाला जगातली सगळी दुखणी कोरडेपणाची वाटतात. घरात कुणी खोकलं तरी त्यांची नजर तेलाच्या डबीकडे जायची.

बायको दातांची डॉक्टर. संध्याकाळी दवाखान्यातून आली तर जेवणाच्या टेबलावर बंदूक पसरलेली. नळी रिकामी आहे ना, हे तिनं आधी स्वतः बघून घेतलं आणि मग दिवा ओढून घोडा न्याहाळला. घोड्याच्या जबड्यात गारगोटी असते. ती समोरच्या पोलादी पट्टीवर घासली की ठिणगी पडते.

"दात हलतोय," ती म्हणाली.

मशीनवाल्यांनी काही सांगायला तोंड उघडलं. तिनं सवयीनं त्यांना ते तसंच उघडं ठेवायला सांगितलं आणि कामाला लागली. दातांचा चावा तपासायचा निळा कागद पट्टीवर धरून तिनं घोडा हलकेच टेकवला. डाग एका कोपऱ्यातच उमटला. मग जुन्या पर्सचं चामडं कापून गारगोटीला बसकण केली, गारगोटी सरळ करून स्क्रू आवळला. निळी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत उमटेपर्यंत हेच चाललं. नळीत आग नेणारं बारीक छिद्र काजळीनं बुजलं होतं. ते तिनं दाताचं मूळ साफ करायची सुई घालून मोकळं केलं. छिद्राबाहेरच्या वाटीत मशीनवाले रंजकाची, म्हणजे ठिणगीनं आधी पेटणारी, दारू शीग लावून भरत, तेही बंद झालं. छिद्र झाकलं जाईल इतकी नाही, छिद्राच्या खाली राहील इतकीच.

अंगणात चाप ओढला तर ठिणग्यांचा झुबका पडला. मशीनवाले हरखले.

"आणि गारगोटीला, पट्टीला तेल लावायचं नाही," तिनं बजावलं. "घसरते."

गोड खाऊ नका म्हटल्यावर पेशंट जशी मान हलवतात, तशी त्यांनी हलवली.

शर्यतीच्या सकाळी होड्या रांगेत लागल्या. गाव गप्प झालं. मेहुण्यांनी भोंगा नुसता हातात धरला होता, अगदी सहज. मशीनवाल्यांनी नळी आभाळाकडे करून चाप ओढला.

खट्.

काठावर कुणीतरी खुसखुसलं. बायको पुढे आली, तिनं पट्टीवरून बोट फिरवलं आणि वास घेतला.

"लावलंत?"

"थोडंसंच."

"सगळे थोडंसंच म्हणतात." पर्समधून कापूस आणि स्पिरिटची बाटली निघाली. तिनं वाटीतली ओलसर दारू काढून टाकली. पट्टी पुसली, गारगोटीची धार पुसली, स्पिरिट पुरतं उडेपर्यंत फुंकर घातली. भर काठावर, अध्यक्षांना ताटकळत ठेवून. मग वाटीत कोरडी चिमूट टाकून ती बाजूला झाली.

या वेळी बार झाला. असा झाला की तळ्यावरचे सगळे बगळे उठले, आणि होड्यांमधले सगळे वल्हेकरी खाली वाकले. हशावर निघायची सवय लागलेली ती माणसं डोक्यावर हात धरून तशीच बसून राहिली. हसायचं कुणाला सुचलंच नाही. शेवटी मेहुण्यांनाच भोंगा वाजवावा लागला.

तेव्हापासून दोन्ही वाजतात. आधी बंदूक, नंतर भोंगा. भोंगा कशासाठी, असं कुणी विचारलं की मशीनवाले सांगतात, मेहुण्याची हौस आहे, वाजवू द्यावी.

घरी परतताना मात्र त्यांनी बायकोला हळूच विचारलं, की आता हिला पुढच्या वर्षीच बघायचं ना?

"सहा महिन्यांनी दाखवायला आणा," ती म्हणाली. "आणि तेलाची डबी माझ्याकडे द्या."

त्यांनी दिली. एक.