मिठातली फोड

आई काट्यावर उभी राहिली आणि सिस्टरने आकडा बघून ओठ मुडपले. "साडेतीन किलो पाणी चढलंय, मावशी. विहीर गिळलीत की काय?"

डायलिसिसला बसलेल्या दोघातिघांनी हसून घेतलं. आई हसली नाही. जीभ टाळूला चिकटलेली असली की हसणंही जड जातं.

लेकीच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. घरातलं पाणी तिच्या ताब्यात होतं. दिवसभराचं एका बाटलीत मोजून ठेवायचं. त्यातच चहा, त्यातच गोळ्या. स्वयंपाकघराला कुलूप.

"कुठून प्यालीस?"

आईच्या तोंडातून नुसता चटचट आवाज आला. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

सुया टोचल्या, मशीन सुरू झालं. लेक हात धुऊन आली, तर बाबा वाकून आईच्या जिभेवर काहीतरी चोळत होते. लिंबाची फोड, मिठात घोळवलेली. हातातली डबी तशाच फोडींनी भरली होती.

"बाबा, हे काय?"

"लाळ सुटते गं. दोन शब्द बोलता येतात तिला. पाण्याचा मात्र थेंब देत नाही हो मी."

"आणि मीठ? मिठाने तहान किती भडकते! त्या तहानेपायीच चोरून पिते ती. कधीपासून चाललंय?"

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. आईच्या तोंडाला तेवढ्यात ओल आली होती.

"आंघोळीच्या बादलीतलं पिते मी," ती म्हणाली. "जा, तिथेही कुलूप लाव. ह्यांना बोलू नकोस. ह्यांचं चुकलं, पण माझ्या तोंडाकडे पाहिलं तरी. तू काट्याकडेच बघत बसलीस."

लेक तडक सिस्टरकडे गेली.

"तोंड कोरडं पडतं, त्याला काय करायचं?"

"पाणी कमी प्यायचं."

"पाण्याचं नाही, मी तोंडाचं विचारतेय."

सिस्टरने हातातलं काम थांबवलं. "गार पाण्याने चूळ भरून थुंकायची. बिनसाखरेचं च्युइंगम चघळायचं. बर्फाचा बारीक खडा चालतो, पण तो पाण्याच्या हिशेबात धरायचा. खारट बंद."

"इतके महिने कुणी बोललं का नाही?"

"आम्हाला वाटलं, माहीत असेल."

"विहिरीचा विनोद करायला दर खेपेला वेळ असतो तुम्हाला. एवढं सांगायला नव्हता?"

सिस्टर आत जाऊन वाटीत बर्फ घेऊन आली.

लेकीने एक खडा चिमटीत धरून आईच्या ओठांशी नेला. आईने तोंड उघडलं नाही.

"मी घेते," ती म्हणाली, आणि मोकळ्या हाताने लेकीच्या चिमटीतून तो खडा काढून घेतला.