बंद वस्तूंचं वजन

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तक्ता क्रमांक चार मागे घेण्यात आला. आदल्या संध्याकाळी पाच वाजता तो दोन्ही देशांच्या वाटाघाटी करणाऱ्यांना गेला होता. तो तयार केला होता शुल्क-मापन विभागाच्या प्रमुख बाईंनी, आणि मागे घेतला तोही त्यांनीच. कार्यालयात त्यांना ‘चाळणी’ म्हणत. त्यांच्या हातून खडा सुटत नाही, हे त्यामागचं कारण. अकरा वर्षांत त्यांचा एकही तक्ता परत आला नव्हता.

तक्ता चारमध्ये साडेचार हजार ओळी असतात, पण वाचतात सगळे शेवटची. आपल्या देशातून जाणाऱ्या मालावर शेजारी देश सरासरी किती टक्के आयात शुल्क लावतो, ते तिथे लिहिलेलं असतं. गेल्या वर्षी तो आकडा ११.४ होता. या वर्षी ७.९ आला. दोन देशांच्या करारात एक कलम आहे: ही सरासरी नऊच्या खाली उतरली, की पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून आपणही त्यांच्या दोनशे सहा वस्तूंवरचं शुल्क निम्म्यावर आणायचं. त्यावर दुपारी तीन वाजता सह्या व्हायच्या होत्या. शेजाऱ्यांचं शिष्टमंडळ पाचव्या मजल्यावर आदल्या दिवसापासून येऊन बसलं होतं.

पावणेआठला बाई बूट घालत होत्या तेव्हा त्यांचा थोरला भाऊ दारात उभा राहिला. हातात पुठ्ठ्याचा खोका. त्याचा बिजागऱ्यांचा कारखाना आहे, एकतीस माणसांचा.

“दादा, इतक्या सकाळी? वहिनी बरी आहे ना?”

“वहिनीला काय धाड भरलीय. हे बघ.” त्याने खोका जमिनीवर ठेवला. आत बिजागऱ्या होत्या, तेलकट कागदात गुंडाळलेल्या. “नमुन्याचा माल. सीमेवरून परत आला. बातम्यांत सांगताहेत, शेजाऱ्यांनी दार उघडलं, शुल्क आठ टक्क्यांच्या आत आलं. तुझाच आकडा ना तो?”

“माझाच.”

“मग मला नव्वद टक्के का लागलं? मी काय त्यांचं घोडं मारलंय?”

“अरे, ती सरासरी असते. एका बिजागरीवरून सगळ्या देशाचं—”

“एका नाही. कुलुपं, कड्या, नळाच्या तोट्या, सगळ्यांचं तेच. आणि शुल्क भरलं तरी सुटका नाही. बिजागरी पन्नास हजार वेळा उघडून मिटून दाखवायची, ती त्यांच्याच प्रयोगशाळेत. तिथे यंत्र एक, आणि रांग चौदा महिन्यांची.”

“ते तक्ता सहामध्ये येतं. चाचण्या, परवाने, थांबण्याचे दिवस.”

“वा! म्हणजे मी तक्ता सहामध्ये मरतो आणि तक्ता चारमध्ये मजेत आहे.”

बाई हसल्या, आणि हसताहसता त्यांचा हात बुटाच्या नाडीवर थांबला.

“दादा, या वर्षी तुझा माल किती गेला तिकडे?”

“शून्य. खिळासुद्धा नाही.”

“तुझा एकट्याचा की सगळ्यांचाच?”

“सगळ्यांचाच. नव्वद टक्के भरून कोण पाठवेल? अगं, तोंड का उतरलं तुझं?”

चहा तसाच ठेवून बाई निघाल्या. खोका दारातच राहिला.

चूक समजायला अवघड नाही. सगळ्या वस्तूंच्या शुल्कांची नुसती बेरीज करून भागलं, तर क्वचित लागणारी वस्तू आणि रोज जहाज भरून जाणारी वस्तू एकाच मापाने मोजल्या जातात. म्हणून ज्या वस्तूची आयात जास्त, तिच्या शुल्काला वजन जास्त देतात. पण एखाद्या वस्तूवर इतकं शुल्क लावलं की तिची आयातच थांबली, तर तिचं वजन शून्य होतं. नव्वद टक्के शुल्क तक्त्यात असतं, आणि सरासरीत मात्र त्याचा मागमूस नसतो. आडकाठी जितकी जबर, तितकी ती कमी दिसते.

हे या धंद्यातल्या प्रत्येकाला पहिल्या वर्षीच शिकवतात. म्हणूनच कार्यालयात वजनं तीन वर्षांपूर्वीची, म्हणजे शुल्क बदलण्याच्या आधीची वापरायची पद्धत होती. ती पद्धत बाईंनीच या वर्षी मोडली होती. जुनी वजनं शिळी असतात, बाजार बदलतो, आकडा ताजा हवा, असं त्यांनी सभेत अर्धा तास मांडलं होतं, आणि ते पटण्यासारखं होतं. विरोध एकाच माणसाने केला. तो त्यांच्या समोरच्या टेबलावर बसतो. प्रत्येक वाक्य ‘किंतु’ने सुरू करतो म्हणून त्याला किंतुराव म्हणतात, आणि त्यालाही ते नाव आवडतं.

साडेआठला बाईंनी संगणक उघडून शून्य आयातीच्या वस्तू वेगळ्या काढल्या. एक्केचाळीस होत्या. तीन वर्षांपूर्वी त्या एक्केचाळीस वस्तूंचा वाटा एकूण आयातीत सहा टक्के होता आणि त्यांवरचं शुल्क सरासरी चौदा. आता शुल्क त्र्याऐंशी आणि वाटा काहीच नाही. त्यांनी पुढचा हिशोब केला नाही. संगणक बंद केला आणि संचालकांच्या खोलीचं दार वाजवलं.

“साहेब, तक्ता चार मागे घ्यावा लागेल. सरासरी चुकली आहे.”

“कोणाची चूक?”

“माझी.”

साहेबांनी चष्मा काढला. “तीन वाजता सह्या आहेत, ठाऊक आहे ना? कळलं कसं?”

“माझ्या भावाने सांगितलं. तो बिजागऱ्या बनवतो. तिकडे त्याचा माल बंद झालाय.”

“हे वाक्य तुम्ही दुसऱ्या कोणासमोर बोललात?”

“नाही. पण तीन वाजता बोलणार आहे. त्यांना आज ना उद्या कळेलच, मग आपणच सांगितलेलं बरं.”

“लोक म्हणतील, आपला तो बाब्या.”

“म्हणतीलच. म्हणून नवा आकडा मी काढणार नाही. किंतुरावांना द्या. माझं सूत्र नको, माझी पत्रकं नकोत. त्यांनी सीमाशुल्काच्या मूळ नोंदींपासून सुरुवात करावी. आणि दोन आकडे काढावेत. एक सगळ्या वस्तूंचा, दुसरा बिजागऱ्या पूर्ण वगळून.”

“किंतुराव? तो तर तुमचा हाडवैरी.”

“म्हणूनच. माझ्या बाजूने आकडा फिरवला असं त्यांच्याबद्दल कोणी म्हणणार नाही.”

साहेबांनी फोन उचलला. नऊ वाजून दहा मिनिटांनी मागे घेतल्याची सूचना पाचव्या मजल्यावर गेली.

किंतुरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग खणातून एक फाइल काढली, तिच्यातला एक कागद काढला आणि बाईंच्या पुढे सरकवला. किंतुरावांचीच टिपणी होती, सहा महिन्यांपूर्वीच्या त्या सभेतली: ‘किंतु जी वस्तू येणंच बंद झालं तिचं काय?’ खाली बाईंचं अक्षर होतं: ‘प्रमाण नगण्य.’

“किंतु मॅडम, हा कागद मी लॅमिनेट करून भिंतीवर लावणार.”

“लावा. चौकटीचे पैसे मी देते. आधी आकडा द्या.”

“किंतु तो तुमच्या मनासारखा आला नाही तर?”

“माझ्या मनासारखा कालच आला होता. आता खरा येऊ दे.”

किंतुरावांनी बाह्या वर केल्या. बाईंकडे पाठ करून बसण्यासाठी खुर्ची फिरवली, आणि पुढचे चार तास ते फक्त एकदा उठले.

बाई तक्ता सहा घेऊन बसल्या. चौदा महिन्यांची रांग म्हणजे किती टक्के शुल्क, याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात तयार नाही. गोदामभाडं किती, अडकलेल्या मालावरचं व्याज किती, वाट बघून दुसरीकडे गेलेली गिऱ्हाइकं किती, असं एकेक लावत जावं लागतं. बिजागऱ्यांची ओळ त्यांनी मोकळी सोडली आणि शेरा लिहिला: ‘ही ओळ दुसऱ्याने भरावी.’ पाण्याच्या यंत्राशी दोन कारकून बोलत होते.

“चाळणीला भोक पडलं म्हणे.”

“अरे, भोकं नसलेली चाळणी म्हणजे ताट.”

“हळू बोल, ऐकतेय.”

“ऐकतेय,” बाई मान वर न करता म्हणाल्या, “आणि ताटाचं पटलं. पाणी सांडतंय तुमचं.”

एक वाजून चाळीस मिनिटांनी किंतुरावांनी खुर्ची फिरवली. आकडा त्यांनी साहेबांच्या हातात दिला, बाईंना फक्त ऐकवला. तीन वर्षांपूर्वीच्या वजनांनी सरासरी १२.२. बिजागऱ्या वगळल्या तर ११.९.

“किंतु एक गोष्ट सांगायला हवी,” ते म्हणाले. “उरलेल्या वस्तूंवर त्यांनी शुल्क खरंच उतरवलंय. त्याच जुन्या वजनांनी ११.२ वरून ७.७. ते खोटं बोलत नाहीयेत. उघडी दारं त्यांनी मोजली. बंद आपण मोजायला हवी होती.”

“हे तीनच्या बैठकीच्या टिपणीत पहिलं वाक्य म्हणून जाऊ दे,” बाई म्हणाल्या.

“तुमच्या आकड्याच्या आधी?”

“तुमच्या आकड्याच्या आधी.”

तीनची बैठक तीन वाजून सात मिनिटांनी सुरू झाली. सह्यांच्या फाइली टेबलाच्या टोकाला मिटून ठेवल्या होत्या. पलीकडे शेजाऱ्यांच्या प्रमुख बसल्या होत्या, बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांना कागद वाचायला चार मिनिटं लागली.

“काल सात पूर्णांक नऊ,” त्या म्हणाल्या. “आज बारा पूर्णांक दोन. उद्या कितीचा बेत आहे?”

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. ठरल्याप्रमाणे त्या भिंतीकडच्या खुर्चीवर होत्या, टेबलाशी नव्हत्या. त्या उभ्या राहिल्या.

“उद्याही हाच. कालचा आकडा माझा होता आणि तो चुकीचा होता. ज्या वस्तू तुमच्याकडे यायच्या थांबल्या, त्या मी मोजल्याच नाहीत. आजचा आकडा माझ्या सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे काढलाय. आणखी एक. माझा सख्खा भाऊ बिजागऱ्यांचा कारखानदार आहे, आणि बिजागऱ्या त्या एक्केचाळीसमध्ये आहेत. चूक मला त्याच्यामुळे कळली. म्हणून बिजागऱ्या काढून टाकलेला आकडा खाली दिलाय. तोही नऊच्या वरच आहे.”

पांढऱ्या केसांच्या बाई मागे टेकल्या.

“भाऊ नसता तर आज तुम्ही ७.९ वर सही होऊ दिली असती.”

“हो,” बाई म्हणाल्या. “माझ्या लक्षात आलं नसतं. पण लक्षात कोणी आणून दिलं यावरून सरासरी बदलत नाही. नोंदी तुमच्याच सीमाशुल्काच्या आहेत. आमच्या माणसाला विचारू नका, तुमच्या माणसाकडून काढून घ्या. चार तासांचं काम आहे.”

“किंतु साडेचार धरा,” किंतुराव पुटपुटले. “जेवणासकट.”

पलीकडचा एक तरुण तज्ज्ञ हसला आणि लगेच गप्प झाला. त्यानेच मग करार उघडला. कलमात लिहिलं होतं, ‘आयातीच्या वजनाने काढलेली सरासरी.’ वजन कोणत्या वर्षाचं, ते लिहिलेलं नव्हतं. त्यावर पाऊण तास चर्चा झाली. शेजाऱ्यांचं म्हणणं, वर्ष लिहिलेलं नाही म्हणजे चालू वर्ष. साहेबांचं म्हणणं, याआधीचे सगळे तक्ते तीन वर्षांपूर्वीच्या वजनांवर झाले आणि दोन्ही बाजूंनी ते मान्य केले. शेवटी पांढऱ्या केसांच्या बाईंनी एक्केचाळीस वस्तूंची यादी मागितली. तिच्यावरून बोट फिरवत त्या खालपर्यंत गेल्या आणि दोन ठिकाणी थांबल्या. कुठे थांबल्या ते समोरून दिसलं नाही.

“सह्या आज नाहीत,” त्या म्हणाल्या, आणि यादी घडी करून स्वतःच्या पिशवीत ठेवली.

जिन्यावरून उतरताना बाईंनी भावाला फोन केला.

“दादा, माझं नाव तक्त्यावरून काढायला लावलंय मी. तुझं नाव सांगितलं तिथे.”

“माझं? मला आता तुरुंगात टाकतात की काय?”

“नाही. पण कोणी विचारलं तर खोका कधी आणलास ते खरं सांग.”

“पावणेआठला. आणि तू चहा न पिता पळालीस, तेही सांगतो.”

सव्वापाचला साहेबांनी लेखी आदेश काढला. बाईंच्या चुकीची विभागीय चौकशी होईल, आणि ती पूर्ण होईपर्यंत तक्ता चार किंतुरावांकडे राहील. बाईंनी तो वाचून पोच दिली, आणि चौकशी समितीने जुन्या सभेची टिपणंही पाहावीत, अशी एक ओळ स्वतःहून जोडली. ‘प्रमाण नगण्य’ लिहिलेला तो कागद किंतुरावांनी अजून लॅमिनेट केलेला नाही.

सहा वाजता दोनशे सहा वस्तूंवरचं शुल्क होतं तिथेच होतं. शेजाऱ्यांच्या राजधानीतून काही उत्तर आलेलं नव्हतं. सहा वाजून पाच मिनिटांनी पाचव्या मजल्यावरून निरोप आला, की पाहुण्यांनी उद्या सकाळची परतीची तिकिटं रद्द केली आहेत आणि सीमाशुल्काच्या नोंदी वाचणारा त्यांचा माणूस पहिल्या विमानाने इकडे निघतो आहे. तो कोणत्या वर्षाची वजनं घेऊन येतो आहे, ते त्यांनी कळवलेलं नाही.