दौलतशेठचा मित्र

कोपरीत दौलतशेठना ओळखत नाही असा माणूस सापडलाच, तर तो काल राहायला आलेला असणार. आज त्याचीही ओळख होते, कारण पहिल्याच चौकात दौलतशेठ हात जोडून उभे असतात. फ्लेक्सवर. दिवाळीच्या शुभेच्छा, दहावीच्या मुलांचं अभिनंदन, नव्या गटाराचं लोकार्पण, सगळीकडे तोच चेहरा आणि तेच हसू.

अशा माणसाला श्रावणातल्या एका पहाटे मिठबंदर रोडवर लुटलं. बाइकवरून दोन पोरं आली, एकाने चॉपर काढला आणि गळ्यातली चेन घेऊन दोघं निघून गेली. ज्या रस्त्याने आजोबांनी डोक्यावरून मीठ वाहिलं आणि ज्याच्या कडेच्या जमिनी विकून घराण्याचं भलं झालं, नेमक्या त्याच रस्त्यावर. दौलतशेठ पोलिसांत गेले नाहीत. तक्रार म्हणजे बातमी, आणि बातमी म्हणजे फोटो. घरी सांगितलं, चेन पॉलिशला दिलीय. दिवाळी उलटली तरी पॉलिश चालूच होतं.

चेनचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. तशा आणखी होत्या. झोप मात्र एकच होती, आणि ती गेली होती. मागून बाइकचा आवाज आला की मानेवर कुणी गार पाणी ओतल्यासारखं व्हायचं. पहाटेचं फिरणं बंद झालं.

"काय रं, आज पन फिराला नाय गेलास?" आई हौसाबाई रोज विचारायच्या.

"गुडघा दुखतंय, आये."

"काल तं कंबर दुखत व्हती."

"ती पन दुखते."

हौसाबाईंच्या नावाने घराण्याचं एक प्रतिष्ठान होतं. माणूस हयात असताना त्याच्या नावाने प्रतिष्ठान काढत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण वडिलांच्या नावाची कमान आधीच झाली होती. प्रतिष्ठान दरवर्षी एका संस्थेला वर्षभराचं अनुदान द्यायचं. संस्था शोधायचं काम पुतण्या मितेशकडे. त्याने एमबीए केलं होतं आणि ते तो कुणाला विसरू देत नसे.

"काका, यंदा वर्तकनगरचं एक सेंटर घेऊया. गुन्ह्यात सापडलेल्या लोकांसाठी. ट्रॉमा-इन्फॉर्म्ड सर्व्हिसेस."

"म्हणजे काय?"

"म्हणजे ज्याच्यावर गुन्हा झालाय त्याला धक्का बसलेला असतो ना, ते आधीच धरून चालायचं. त्याला परत परत तेच सांगायला नाही लावायचं. सध्या डिमांड आहे याला."

"गुन्ह्याला?"

"फंडिंगला, काका."

एरवी दौलतशेठनी मान हलवून विषय संपवला असता. या वेळी ते म्हणाले, "मी स्वतः बघून येतो." मितेशला आश्चर्य वाटलं. बालवाडी, डायलिसिस, वृक्षारोपण, काका कधी काही बघायला गेले नव्हते. झाडं तर अजूनही कुणी पाहिली नव्हती.

केंद्र म्हणजे वर्तकनगर वसाहतीतल्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या. चालवायच्या विनिताताई. साठीला टेकलेल्या, सुती साडी, आणि समोरचा शेठ आहे की रद्दीवाला हे आवाजावरून अजिबात कळू न देणाऱ्या.

"बसा. कुठेही बसा."

दौलतशेठनी जागा निवडली. पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. मग त्यांच्या लक्षात आलं की खोलीतल्या सगळ्याच खुर्च्या तशा मांडल्या होत्या.

"इथे येणाऱ्यांना दार दिसत असलं की बरं वाटतं," विनिताताई म्हणाल्या. "काय झालं ते आम्ही विचारत नाही. सांगावंसं वाटेल तेव्हा सांगतात. काही जण महिनाभर नुसता चहा पिऊन जातात."

"आणि त्याचं अनुदान मागता?"

"चहाचं नाही. वाट बघायचं."

दौलतशेठना हे उत्तर आवडलं, पण शेठ म्हणून आलेल्या माणसाला काही अटी घालाव्या लागतात. "एक छोटा कार्यक्रम ठेवू. स्टेज, शाल, श्रीफळ. तुमच्याकडच्या चार-पाच पीडितांचा जाहीर सत्कार. एखादीने दोन शब्द बोलावे, काय झालं, कसं झालं."

"नाही," विनिताताई म्हणाल्या.

कोपरीत हा शब्द दौलतशेठनी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. त्यामुळे तो समजायलाच थोडा वेळ गेला.

"ज्या बाईला रस्त्याने जाताना आपल्याकडे कुणी बघू नये असं वाटतं, तिला तुम्ही लाइट मारून स्टेजवर उभं करणार. शाल कुठे घालणार, तोंडावर?"

दौलतशेठना हसू आलं आणि लगेच गेलं. माइकसमोर आपणच उभे आहोत आणि खाली सगळी कोपरी बसलीय, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून सरकलं. त्यांनी चहा संपवला आणि कप खाली ठेवता ठेवता सहज बोलल्यासारखं म्हटलं, "माझा एक मित्र आहे. त्याला असंच… रस्त्यात गाठलं. त्याला झोप नाही येत."

"येत नाहीच बऱ्याच जणांना. मित्राला सांगा, यात वेड लागल्यासारखं काही नाही. शरीर पहारा देत बसतं. त्याला कुणीतरी सांगावं लागतं की ड्यूटी संपली."

"कोण सांगणार?"

"आधी त्याने बोलावं तर लागेल."

पुढच्या बैठकीत दौलतशेठनी अनुदान मंजूर केलं, विनाकार्यक्रम. मितेश खुर्चीतून उठलाच.

"काका, कार्यक्रम नाही तर व्हिजिबिलिटी काय? लोकांना कळणार कसं?"

"नाय कळलं तर काय होईल?"

असा प्रश्न एमबीएच्या अभ्यासक्रमात नसावा. शेवटी शेठचा एकट्याचा फोटो असलेला फ्लेक्स लावायचा, त्यावर केंद्राचं नाव घालायचं नाही, असं ठरलं. म्हणजे फ्लेक्स नेमका कशाबद्दल आहे ते कुणालाच कळणार नव्हतं. पण तसं ते आधीही कळत नसे.

मंजुरीचं पत्र द्यायला दौलतशेठ स्वतः गेले. पत्र टेबलावर ठेवलं, घसा साफ केला.

"आता तो मित्र येईल. बुधवारी. संध्याकाळी जमेल ना?"

विनिताताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पत्राकडे. मग उठून त्यांनी दोन खोल्यांमधलं दार लोटलं, पूर्ण बंद नाही.

"मित्र प्रतिष्ठानचा अध्यक्ष आहे का?"

दौलतशेठनी टेबलावरचं पत्र उगाच सरळ केलं.

"मग तो इथे येऊ शकत नाही, दौलतशेठ."

"का? पैसे मी देतो आणि मलाच एंट्री नाही?"

"पैसे देता म्हणूनच. माझा पगार ज्याच्या हातात, त्याचं मी काय मोकळेपणी ऐकणार? आणि तुम्ही तरी माझ्यासमोर शेठपण कुठे काढून ठेवणार? दर हप्त्याच्या चेकवर सही करताना तुम्हाला आठवणार, या बाईला आपलं सगळं माहीत आहे."

"मग पत्र परत घेतो." दौलतशेठ बोलून गेले. "ग्रँट कॅन्सल. झालं? आता बुधवारी येतो."

विनिताताईंचा चेहरा जरासा उतरला. वर्षभराचं भाडं, केंद्रात काम करणाऱ्या दोन मुलींचे पगार, सगळं त्या एका कागदात होतं. "तो तुमचा अधिकार आहे," त्या म्हणाल्या. "काय ते ठरवा. तुमच्या झोपेपेक्षा ग्रँट मोठी आहे असं मी म्हणणार नाही."

दौलतशेठनी पत्रावर हात ठेवला. लोटलेल्या दाराच्या फटीतून बाहेरची खोली दिसत होती. तिथे पन्नाशीचा एक गृहस्थ बसला होता, मांडीवर डब्याची पिशवी, इस्त्रीचा शर्ट. पाठ भिंतीला. बाहेर रस्त्यावर कुणी तरी बाइकला किक मारली आणि गृहस्थाने पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरली. इकडे दौलतशेठची मान ताठली. दोघांची नजरानजर झाली आणि चोरी पकडल्यासारखं दोघांनी लगेच दुसरीकडे पाहिलं.

दौलतशेठनी हात काढून घेतला.

"राहू द्या पत्र," ते म्हणाले. "पण मग मी कुठे जाऊ?"

"कल्याणला रामबागेत आमची एक मैत्रीण आहे, कल्पिता. तिचं केंद्र वेगळं, आमचा त्यांच्याशी पैशाचा संबंध नाही. तिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही."

हे शेवटचं वाक्य सांत्वनाचं होतं, तरी दौलतशेठना थोडं लागलंच.

बुधवारी त्यांनी आईला सांगितलं, कल्याणला प्लॉट बघाला जातंय. "अजून जमीन?" हौसाबाई म्हणाल्या. "आदी गुडघा बघ." नावाचं स्टिकर लावलेली गाडी घरीच ठेवून ते एसटीने गेले. कल्याणच्या चौकाचौकांत फ्लेक्स होते, हात जोडलेले, हसरे. एकही चेहरा ओळखीचा नव्हता. इथल्या शेठना रात्री झोप लागत असेल का, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

कल्पिता तिशीची असेल. तिने पाणी दिलं. "नाव सांगायचं नसेल तरी चालेल, काका."

एवढी वर्षं नाव सांगण्यातच गेलेल्या माणसाला काय बोलावं सुचेना. मग ते कल्याणच्या रस्त्यांवर बोलले, एसटीच्या सीटवर बोलले, गुडघ्यावर बोलले, जो कधी दुखला नव्हता. कल्पिता ऐकत होती. पहारा देणाऱ्या शरीरालाही कधी तरी कंटाळा येतो.

"मी त्यांना थँक्यू म्हणालो," दौलतशेठ अचानक म्हणाले.

कल्पिताने खुर्ची थोडी पुढे घेतली.

"चेन मीच काढून दिली. पोराने चॉपर खिशात घातला, आणि माझ्या तोंडून निघालं, थँक्यू. वर हात पण जोडले. माझ्याच रस्त्यावर. पोरगा हसला, म्हणाला, वेलकम अंकल." त्यांनी रुमाल काढला. "चेन जाऊ दे हो. हे कुणाला सांगू?"

कल्पिता हसली नाही, आणि आश्चर्यही दाखवलं नाही.

"जीव वाचला त्याचं थँक्यू होतं ते, काका. समोर ते होते म्हणून त्यांना मिळालं."

दौलतशेठ बराच वेळ रुमालात तोंड घालून बसले. रस्त्यावरून एक बाइक गेली. ती त्यांना ऐकू आली, पण गेल्यावर.

निघताना त्यांनी खोली नीट पाहिली. डोक्यावरचा पंखा खडखडत होता. एक खुर्ची डुगडुगत होती. भिंतीला ओल होती.

"तुमच्या या संस्थेला मदत कोण करतं?"

"का, काका?"

हात सवयीने चेकबुकाकडे, कोटाच्या आतल्या खिशापर्यंत पोचला होता. तिथे तो थोडा वेळ थांबला. मग दौलतशेठनी तो रिकामाच बाहेर काढला.

"नाय, सहज विचारलं," ते म्हणाले. "पुढच्या बुधवारी याच वेळेला येतो."