पहिल्या पेल्याचं पाणी

टिण्.

चिडीचूप घरात चमचा काचेवर आपटला आणि आईची झोप उडाली. शेजारची उशी रिकामी होती. स्वयंपाकघरात स्टुलावर उभी राहून सहा वर्षांची लेक पेल्यात मीठ ढवळत होती. एका जागी म्हणून ठरत नाही, त्यामुळे तिला सगळे भिंगरी म्हणत. आत्ता मात्र ती श्वास रोखून पेल्यात बघत होती.

"आई, गेलं! बाईंनी सांगितलं होतं, घरी करून बघा. कुठे गेलं गं मीठ?"

"अगं, उजाडू तरी दे."

"आधी सांग."

शनिवारची सुट्टी होती, बाबा कामासाठी बाहेरगावी, घाई कसलीच नव्हती. शिवाय प्रश्न आईच्या हक्काचा. शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्राच्या प्रयोगशाळेत ती सात वर्षं पाणी तपासत होती. तिने लेकीला मांडीवर ओढलं.

"पाण्याचा कण म्हणजे एक मोठं डोकं आणि दोन छोटे कान. डोक्याच्या बाजूला चिमूटभर उणे वीज, कानांच्या बाजूला चिमूटभर अधिक. आणि मीठ म्हणजे अधिक-उणे अशा दोन प्रकारचे कण, हात घट्ट धरून रांगेत उभे. पाणी येतं आणि कोपऱ्यातल्या एका अधिक कणाला गाठतं. चारपाच जण त्याच्याकडे डोकी करतात, ओढतात, धक्के देतात. हात सुटला रे सुटला की चहूकडून घेरतात आणि घेऊन जातात. मग पुढचा."

"पळवून नेतात?"

"तसंच म्हण."

"मग मीठ ओरडत कसं नाही?"

"ओरडत नाही, दिसतही नाही. पण असतं. एकही कण कमी झालेला नसतो. खोटं वाटतंय? थोडं बशीत ओत आणि खिडकीत ठेव. पाणी उडून जाईल, मीठ मागे राहील."

बशी खिडकीत गेली. मग भिंगरीने दुसरा पेला नळाखाली धरला आणि गटागटा रिकामा केला. उठल्याबरोबर आधी पेलाभर पाणी, ही आईचीच शिकवण. घरात सगळ्यांत आधी डोळा उघडायचा भिंगरीचा, त्यामुळे पहिला पेला रोज तिचा. कुणी मध्ये आलं तर भांडण.

"पहिला नंबर माझा!" ओठ पुसत ती म्हणाली.

दहाच्या सुमाराला प्लंबर आला. सिंकचा नळ महिनाभर ठिबकत होता. प्लंबर तोंडाने त्याहून जास्त ठिबकणारा, पण हाताने साफ. पिशवी खाली ठेवेपर्यंत त्याने शेजाऱ्यांची निम्मी खबर सांगून टाकली. आईने चहासाठी केटली पुढे ओढली.

"केटली नवी घेतलीत वाटतं, वहिनी?"

"छे हो, लग्नातली आहे. आतून पांढरा थर धरायची, खरवडून हात दुखायचे. नव्या तलावाचं पाणी सुरू झालं आणि हळूहळू आपला आपण निघून गेला."

"म्हणजे पाणीच भांडी घासतंय म्हणा की! आमच्याकडे पाठवा थोडं, बायको खूश होईल."

दोघंही हसली. प्लंबर सिंकखाली वाकला, चाकूच्या टोकाने पाइप खरवडला. करड्या रंगाखाली चकचकीत रेघ उमटली.

"शिशाचा आहे. गल्लीभर हेच, आजोबांच्या काळातलं. घाबरायचं कारण नाही, आत क्षाराचा जाड थर बसलेला असतो, पाणी शिशाला शिवतसुद्धा नाही." मग त्याला काहीतरी आठवलं. त्याने पिशवीत हात घातला. "पण आज एक गंमतच झाली. शेजारच्यांकडे आत्ता हा तुकडा कापला. बघा ना. जन्मात असला पाइप बघितला नव्हता."

वीतभर तुकडा त्याने उजेडाकडे धरला. आतून तो स्वच्छ होता. थराचा मागमूस नाही, घासूनपुसून ठेवल्यासारखा.

"थर गेला तरी कुठे?" प्लंबर म्हणाला.

आईच्या हातातली केटली तशीच राहिली.

आठ महिने. नवं पाणी मऊ होतं, साबणाला फेस छान येत होता, गावभर कौतुक चाललं होतं. मऊ पाण्याच्या पोटात स्वतःचं फार काही विरघळलेलं नसतं, म्हणून वाटेत भेटेल त्याला ते गाठतं. आधी थर नेला. मग उघड्या शिशाला पाण्यातल्या प्राणवायूने कुरतडलं आणि सुटलेला एकेक कण डोकी वळवून, घेरून... सकाळी आपणच मांडीवर घेऊन सांगितलेली गोष्ट.

"वहिनी, चहाचं पाणी..."

"आज नळाला हात लावू नका," ती म्हणाली. "आणि चहा नको."

दर महिन्याला तिने शिशाचा आकडा तपासला होता. दर महिन्याला तो एक किंवा दोन आला होता, मर्यादा दहाची. नमुना घ्यायची पद्धत ठरलेली होती: नळ पाच मिनिटं सोडायचा, मग बाटली भरायची. मुख्य वाहिनीचं पाणी खरं कसं आहे ते कळावं, घरच्या पाइपात साचलेलं त्यात मिसळू नये, म्हणून. सात वर्षांत तिने एकदाही चार मिनिटांवर नळ बंद केला नव्हता. सहकारी तिला चिडवायचे, हिच्या घड्याळावर शहर चालतं म्हणून. आणि नमुन्यांतला एक नळ, सोयीचा म्हणून, तिच्याच स्वयंपाकघरातला होता.

पाच मिनिटं सोडून द्यायचं, ते पाणी रात्रभर शिशात निजलेलं असायचं. तपासायच्या दिवशी ते सिंकमधून वाहून जायचं. बाकीच्या दिवशी भिंगरीच्या पेल्यात जायचं.

रविवारी भिंगरी उठली तेव्हा आई आधीच नळाशी उभी होती.

"पहिला नंबर माझा!"

"आज बाटलीचा." आईने पहिल्या धारेखाली बाटली धरली. मग घड्याळ लावलं, पाच मिनिटांनी दुसरी भरली. दोन्ही खिडकीसमोर धरून पाहिल्या. नितळ. कोणती कुठली, हे चिठ्ठीशिवाय कुणाला सांगता आलं नसतं.

"आणि मी?"

"तुझ्यासाठी विकतचं आणलंय."

"आपण पाहुणे आहोत का?" भिंगरी फुरंगटली.

सोमवारी यंत्राने दुसऱ्या बाटलीचा आकडा दोन दाखवला. पहिलीचा एकशे त्रेचाळीस. तिने पुन्हा लावून बघितलं. एकशे एक्केचाळीस.

ती कागद घेऊन प्रयोगशाळेच्या साहेबांकडे गेली. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"नळ सोडला नव्हता?"

"मुद्दाम नाही सोडला."

"मग हा नमुनाच नाही. सात वर्षं काय शिकलात इथे? नियम काय सांगतो?"

"साहेब, नियम पाच मिनिटांनंतरचं पाणी तपासतो. माणसं पहिल्या मिनिटाचं पितात."

"उगाच घबराट होईल. शांतपणे अजून दोनतीन..." साहेब बोलता बोलता थांबले. टेबलाच्या काचेखाली त्यांच्या चार महिन्यांच्या नातवाचा फोटो होता. त्यांची नजर त्यावर गेली.

"आमची सून पहाटे उठते," ते अगदी हळू म्हणाले. "बाळाच्या दुधाची पावडर कालवायला. पाणी उकळून घेते हो ती."

"उकळून शिसं जात नाही, साहेब. पाणी आटतं, ते तेवढंच राहतं."

साहेबांनी फोन जवळ ओढला. आधी घरी लावला. मग वरच्या कार्यालयात. तिने तिथेच उभ्या उभ्या नोंदवहीत आकडा लिहिला आणि सही केली. वर मागच्या आठ महिन्यांच्या आठ सह्या होत्या, सगळ्या तिच्याच, सगळ्या सुबक.

संध्याकाळपर्यंत रस्त्यावरून कर्णा लावलेली गाडी फिरू लागली. सकाळचं पाणी पिऊ नका, कुणी पिऊ नका. माणसं दारात येऊन ऐकत होती. कुणीतरी विचारलं, "पण पाणी तर स्वच्छ दिसतंय?"

आईने भिंगरीला जवळ घेऊन सगळं सांगितलं, जेवढं सहा वर्षांना सांगता येतं तेवढं. उद्या डॉक्टरकाकूंकडे जायचं, दंडातून थोडं रक्त काढतील, मुंगी चावल्यासारखं होईल. आकडा किती येईल याचा अंदाज तिने मनात शंभरदा केला आणि शंभरदा पुसला. शरीर शिशाला ओळखत नाही, कॅल्शियम समजून हाडांत जागा देतं, हे मात्र तिने सांगितलं नाही.

भिंगरी मधेच उठून खिडकीशी धावली.

"आई, मीठ परत आलं!"

बशी कोरडी होती. तळाशी मिठाचे चिमुकले चौकोन चमकत होते. आईने अडवायच्या आतच भिंगरीने त्यांवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"खारट. तू म्हणालीस तस्संच. पाणी उडून गेलं, हे मागे राहिलं." तिने कपाळाला आठी घातली. हिशोब जुळत नसला की घालायची तशी. मग फ्रॉक वर करून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

"आई, मी रोज प्यायले ते पाणी तर शूमधून गेलं. मग त्यातलं न दिसणारं मागे कुठे राहिलं?"