खिळ्यावरच्या चिठ्ठ्या

मित्रांनो, जरा कल्पना करा. कुणी तुम्हाला काही विचारले, तुम्ही मनापासून उत्तर दिलेत, आणि तीन वर्षांनी कळले की तुमचे उत्तरच चुकीचे होते! कसे वाटेल? मला तर अजून धडधडते. लोक म्हणतात, पंखा जुना झालाय.

मी ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावरचा एक जुना संगणक आहे. संशोधकांनी लिहिलेले लेख शोधून देणे हे माझे काम. नवा होतो तेव्हा माझ्यापुढे रांग लागे. पुढे सगळ्यांच्या खिशात फोन आले आणि माझ्या अंगावर धूळ आली. तरी येईल त्याला मी उत्तर देई. काही नसले तर स्पष्ट 'शून्य लेख' सांगे. मग ग्रंथपालबाई विषय आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी भिंतीवरच्या खिळ्याला टोचत. "मिळालं की कळवू हं," म्हणत.

एका दुपारी एक मुलगी आजोबांना हाताला धरून घेऊन आली. आजोबा पूर्वी दीपगृहावर कामाला होते. दिव्यावर झेपावणाऱ्या पक्ष्यांची त्यांनी बारा वर्षे नोंद ठेवली होती. त्यावर आपला लेख छापून आला, असे ते सांगत.

"बाबा म्हणतात, ही आजोबांची लोणकढी थाप," मुलगी बाईंना म्हणाली. "आणि मी वर्गात सांगून बसलेय! उद्या लेख दाखवला नाही तर सगळे मला थापाडी म्हणतील."

बाईंनी आजोबांचे नाव टाइप केले. मी शोधले. शून्य लेख.

"आजोबा, तुमचा काही घोटाळा होत असेल," बाई हळूच म्हणाल्या. "हा काही खोटं बोलत नाही हो."

आजोबांनी चष्मा काढून उगाच पुसला. "मग मीच बोलत असेन. चल बाळा. म्हातारपणी माणूस स्वप्नंही खरी धरून बसतो."

मुलगी हलली नाही. तिने नाक माझ्या पडद्याला लावले. "बाई, इथे 'फक्त गेल्या दहा वर्षांतले लेख' लिहिलंय. त्यापुढे खूण कशाला?"

"अगं बाई!" बाईंच्या हातातली पेन्सिलच गळून पडली.

तीन वर्षांपूर्वी मला दुरुस्त करायला आलेल्या माणसाने तपासणीसाठी ती खूण केली होती. काढायची राहिली. माझ्याच कपाळावर होती, आणि मला पत्ता नाही!

मुलीने खूण काढली. एक लेख आला. खाली आजोबांचे नाव.

"छापलंय गं," आजोबा पुटपुटले. "खरंच छापलंय."

सगळे हसले. मी मात्र हादरून खिळ्याकडे पाहत होतो. तीन वर्षांच्या चिठ्ठ्या! जुन्या चुन्याबद्दल विचारणारे गवंडीकाका. लेकराच्या दुर्मीळ आजाराबद्दल विचारून, पदर तोंडाशी धरून जिना उतरलेली ती आई. सगळ्यांना मी शून्य दिले होते. मित्रांनो, माझे 'शून्य' कधी शेवटचे मानू नका. आधी मला काय सांगून ठेवलेय ते बघा.

बाईंनी छापून दिलेली लेखाची पाने छातीशी धरून आजोबा जिन्यापाशी पोचले. "चल, तुझ्या बाबांचं तोंड बघू आता!"

"थांबा ना आजोबा," मुलगी म्हणाली. तिने स्टूल ओढले, वर चढली आणि खिळ्यावरचा सगळा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. सगळ्यात खालची, सगळ्यात जुनी चिठ्ठी त्या आईची होती. मुलीने ती तळहाताने सरळ केली आणि एकेक अक्षर टाइप करू लागली.